सुट्टी लागली की मूड का ढासळतो, आणि उन्हाळ्यात मनासाठी नेमकं काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत मांडते. तुम्ही शाळेत शिकवता, वर्षभर उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघता आणि सुट्टी लागून दहा-बारा दिवस झाले की मूड खाली जायला लागतो. चिडचिड होते, रात्री दोन वाजेपर्यंत झोप नाही, सकाळी साडेदहाला उठता, हे सलग तिसरं वर्ष. या वेळी तुम्ही आधीच सावध होऊन चौदा ॲक्टिव्हिटीजची यादी केलीत, पेंटिंगचं सामान आणलंत, योगाचा क्लास लावलात, दोन दिवस गेलात आणि मग सगळं सुटलं. आता विचारताय की उन्हाळ्यात मनासाठी कुठल्या ॲक्टिव्हिटीज चांगल्या, मी आळशी झालेय का, आणि त्याच शहरात राहणाऱ्या बहिणीला हे सांगावं की नाही.

आधी आळशीचं बोलूया, कारण तो शब्द तुम्ही एवढ्याशा प्रश्नात तीनदा वापरलाय. मी अठरा वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय आणि हीच तक्रार दर उन्हाळ्यात ऐकते, शिक्षकांकडून, कॉलेजच्या मुलांकडून, नुकत्याच रिटायर झालेल्यांकडून. म्हणजे ज्यांचा दिवस आतापर्यंत बाहेरचं कोणीतरी चालवत होतं त्यांच्याकडून. आळस असता तर न केल्याचं तुम्हाला काही वाटलं नसतं, तुम्हाला तर रोज संध्याकाळी त्या यादीकडे बघून पोटात गोळा येतोय. तेव्हा तो शब्द आता बाजूला ठेवा, त्याने काही कळतही नाही आणि काही सुटतही नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ॲक्टिव्हिटी कुठली हा नाहीचे. शाळा चालू असताना तुमचा दिवस काही खुंट्यांना टांगलेला असतो. अमुक वाजता उठायचं, अमुक वाजता पहिला माणूस भेटतो, मग काम सुरू होतं, मग जेवण, मग झोप. सुट्टी लागते तेव्हा या सगळ्या खुंट्या एका दिवसात निघतात आणि दिवस खाली पडतो. हे नुसतं माझं मत नाही. १९८८ मध्ये एलर्स, फ्रँक आणि कुपफर या संशोधकांनी अशी मांडणी केली होती की माणसाच्या शरीरातलं घड्याळ जागेवर ठेवायला उजेडाबरोबर रोजच्या सामाजिक वेळाही लागतात, त्या विस्कटल्या की झोप विस्कटते, आणि झोपेपाठोपाठ ज्यांचा कल असेल त्यांचा मूडही. पुढे एलेन फ्रँक यांनी यावरच एक उपचारपद्धती उभी केली, मुख्यतः बायपोलर (मूड कधी अतिउत्साहाच्या तर कधी खोल उदासीच्या टोकाला जाणारा आजार) असलेल्या लोकांसाठी. त्यात रोज पाच गोष्टींची वेळ नोंदवायला सांगतात: अंथरुणातून कधी उठलात, दिवसातला पहिला माणूस कधी भेटला, काम कधी सुरू केलं, रात्रीचं जेवण कधी आणि झोपायला कधी गेलात. तुम्ही आज रात्री फक्त कालच्या दिवसाच्या या पाच वेळा लिहून बघा, आणि शेजारी शाळेतल्या एखाद्या मंगळवारच्या लिहा. माझा अंदाज आहे की दुसऱ्या नोंदीवर थबकाल. कारण एकटं राहणाऱ्या माणसाला सुट्टीत पहिला माणूस कित्येकदा संध्याकाळी सातला भेटतो, आणि कधी कधी भेटतच नाही.

यात उन्हाळ्याची स्वतःची भर पडते आणि ती मुख्यतः झोपेतून येते. झोप लागायच्या आधी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर टाकून शरीर ते करतं, आणि खोलीच गरम असेल तर उष्णता टाकायला जागा राहत नाही. म्हणून उकाड्यात आपण कूस बदलत राहतो. त्यात सकाळी उठायची सक्ती नाही, म्हणून दोनची झोप साडेदहापर्यंत जाते. आणि इथे अजून एक गोम आहे. आपल्या आतलं घड्याळ बरोब्बर २४ तासांचं नसतं, सरासरी बघितलं तर थोडं जास्तच भरतं, आणि रोज सकाळचा उजेड डोळ्यात गेला की ते मागे खेचलं जातं. तुम्ही साडेदहाला उठता, तोवर बाहेर ऊन तापलेलं म्हणून पडदे ओढलेले, म्हणजे सकाळचा उजेड डोळ्यांना मिळालाच नाही. घरातल्या दिव्यांचा उजेड काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर सकाळी, ढग असले तरी, काही हजार लक्स सहज असतो. डोळ्याला घर उजळलेलं दिसतं पण त्या घड्याळाला ते अंधारच वाटतं. मग ते रोज थोडं थोडं पुढे सरकत जातं, बारा, साडेबारा, दोन. तुम्ही लिहिलंय की सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात बरं असतं आणि नंतर बिघडतं, ते या सरकण्याशी अगदी जुळतं.

उन्हाळ्याची दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते आणि ती कळल्यावर माझ्याकडच्या कित्येकांना खरंच हायसं वाटलंय. उष्णतेत शरीर जे करतं आणि घाबरल्यावर शरीर जे करतं ते जवळजवळ सारखं दिसतं. छाती धडधडते, घाम येतो, डोकं हलकं होतं, श्वास पुरत नाही असं वाटतं. अंग गार ठेवायला हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं म्हणून ठोके वाढतात, पाणी कमी पडलं तर अजून वाढतात. ज्याला आधी कधी पॅनिक अटॅक आलाय किंवा ज्याचा स्वभाव काळजीचा आहे त्याचं मन या धडधडीचा अर्थ लावतं, काहीतरी वाईट होणार, आणि मग खरी भीती सुरू होते. एक तरुण मुलगा दर दुपारी तीनच्या सुमारास 'अटॅक' येतो म्हणून माझ्याकडे यायचा. आम्ही आठवडाभर नोंद ठेवली तर लक्षात आलं की सकाळपासून तीनपर्यंत तो दोन कप कॉफीवर असायचा, पाणी जवळजवळ नाहीच, आणि खोली तापलेली. भीती खोटी नव्हती त्याची, पण सुरुवात शरीरातून होत होती. तेव्हा दुपारी अस्वस्थ वाटलं की आधी पाणी प्या, गार जागी बसा, तोंडावर गार पाणी मारा किंवा गार ओला रुमाल डोळ्यांवर-गालांवर वीस-तीस सेकंद धरा. तोंडाला गार पाणी लागलं की हृदयाचे ठोके मंदावतात, हा आपल्या शरीराचा जन्मजात प्रतिसाद आहे. (हृदयाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारून.) पंधरा मिनिटांनी परत बघा. त्यानंतरही मनात तेच विचार असतील तर मग विचारांशी बोलायचं.

आता यादीकडे येते. सुरुवातीच्या काही वर्षांत मीसुद्धा लोकांना लांबलचक याद्या द्यायचे, चाला, लिहा, बागकाम करा, मित्रांना भेटा, आणि लोक पुढच्या वेळी मान खाली घालून यायचे, मॅडम काहीच जमलं नाही. म्हणजे मी दिलेल्या यादीने त्यांच्या डोक्यावर अजून एक अपयश ठेवलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. उदास मनाची अडचण ही असते की त्याला कुठली गोष्ट करावीशीच वाटत नाही, आणि आपण सगळे वाट बघत बसतो की मूड येऊ दे मग करू. पण अशा दिवसांत क्रम उलटा असतो, कृती आधी आणि मूड मागून, तोही लगेच नाही, कधी चार-पाच दिवसांनी. मानसशास्त्रात याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, १९७०च्या दशकात पीटर लुइनसन यांच्या कामातून ही कल्पना आली. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी डिप्रेशनच्या थेरपीचे भाग वेगळे करून तपासले, तर एकट्या या भागाने पूर्ण थेरपीएवढाच फायदा होताना दिसला. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ४४० लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्यातही तुलनेने कमी ट्रेनिंग घेतलेल्या लोकांनी केलेलं बिहेवियरल ॲक्टिव्हेशन अनुभवी थेरपिस्टच्या सीबीटीपेक्षा (विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी थेरपी) कमी पडलं नाही. माझ्या रोजच्या कामात मी सगळ्यात जास्त यावरच विसंबून असते.

पण ते करायची एक रीत आहे. गोष्ट घड्याळाला बांधायची आणि इतकी छोटी करायची की अगदी वाईट दिवशीही होईल. 'रोज योगा' हे खूप मोठं आहे. 'सकाळी सात वाजता चपला घालून दाराबाहेर, पाच मिनिटं' हे होतं. पाच मिनिटांनी परत यायची पूर्ण मुभा, आणि परत आलात तरी ते झालं असंच धरायचं. मन कुरकुर करणारच, त्याला करू द्या, त्याला पटवत बसू नका, पाय निघाले की पुरे.

आणि एक छोटा प्रयोग, हा मी जवळजवळ सगळ्यांना देते. कुठलीही गोष्ट करायच्या आधी कागदावर लिहायचं, यात मला ० ते १० मध्ये किती बरं वाटेल. करून झाल्यावर परत आकडा. दोन वेगळे आकडे ठेवा, एक मजा किती आली आणि दुसरा काहीतरी पार पडलं असं किती वाटलं. एक रिटायर झालेले गृहस्थ होते, जुन्या मित्राला फोन करायचा म्हटलं की लिहायचे १, आणि फोननंतर ५ किंवा ६, सलग आठ-नऊ वेळा असंच. शेवटी ते स्वतःच म्हणाले की माझं मन अंदाज चुकीचा देतं, मग मी त्याचं का ऐकतोय. हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं असतं तरी पटलं नसतं, त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातल्या आकड्यांनी पटलं. उलटही होतं बरं का, काही गोष्टींचा आकडा करूनही वाढतच नाही. मग ती गोष्ट सोडून द्यायची, गिल्ट न घेता. तुमचं पेंटिंग कदाचित तसंच असेल.

मग कुठल्या गोष्टी निवडायच्या. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन भाग करते कारण उन्हाळ्यात प्रत्येकाचं गणित वेगळं असतं.

सकाळचा भाग सगळ्यात किमती, आणि एकच गोष्ट जमणार असेल तर मी हीच निवडेन. ऊन तापायच्या आधी बाहेर, वीस-तीस मिनिटं, चालत. यात उजेड मिळतो, शरीर हलतं आणि एखादा ओळखीचा चेहरा दिसतो, तिन्ही कामं एका फेरीत होतात. व्यायामाचं सांगायचं तर १९९९ मध्ये पन्नाशीच्या पुढच्या १५६ डिप्रेशनच्या रुग्णांवर ब्लूमेंथाल यांच्या टीमने अभ्यास केला. आठवड्यातून तीनदा चालणं किंवा जॉगिंग, नाहीतर औषध, नाहीतर दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले होते. औषधाची गरज नाही असा अर्थ यातून काढू नका, औषधाने सुधारलेले मी शेकडो बघितलेत. आणि एक बारीक गोष्ट, तो व्यायाम लोक ग्रुपमध्ये, कोणाच्या तरी देखरेखीखाली करत होते, त्यामुळे माणसांचा वाटा त्यात किती आणि चालण्याचा किती हे वेगळं काढणं अवघड आहे. माझ्यापुरतं मी असं घेते की शक्य असेल तर कोणाबरोबर तरी चाला. झाडं असतील अशा बाजूने गेलात तर अजून चांगलं. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या माहितीत असं दिसलं होतं की आठवड्यात १२० मिनिटं किंवा जास्त निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान जास्त चांगलं सांगतात, मग ती मिनिटं एकदम असोत की तुकड्यांत. आता जे मुळात बरे आहेत तेच जास्त बाहेर पडत असतील हेही शक्य आहे, अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. पण रोज सतरा-अठरा मिनिटं झाडाखालून चालण्यात तोटा काहीच नाही.

बाहेर जाणं शक्य नसेल, कोणी आजारी आहे, गुडघे दुखतात, लहान बाळ आहे, तर खिडकी. हे मी मनाचं समाधान म्हणून सांगत नाहीये. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक पेनकिलर कमी लागले. तेव्हा सकाळी खुर्ची खिडकीशी ओढा आणि तिथे बसून जे रोज करता ते करा, फोन सोडून.

दुपार ही उन्हाळ्यातली सगळ्यात धोक्याची वेळ, मनासाठी. बाहेर जाता येत नाही, अंग जड, आणि हातात फोन. त्यात बाकीच्यांच्या ट्रिपचे फोटो. एक ते पाच या वेळेत माझ्याकडच्या लोकांचे मूडचे आकडे सगळ्यात खाली असतात. इथे हाताची कामं उपयोगी पडतात, आणि त्यातही शेवट दिसेल अशी. एक कप्पा आवरणं, उसवलेलं शिवणं, जिगसॉ, जुन्या फोटोंना तारखा घालणं. ध्यानाला बसा असं मी दुपारी सांगत नाही, उदास आणि तापलेलं मन शांत बसवलं की कित्येकदा तेच तेच दळत राहतं, हात गुंतलेले असले की दळण थोडं थांबतं. झोप काढायची असेल तर तीनच्या आत आणि वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून, नाहीतर रात्रीची झोप तुम्ही दुपारीच खर्च करताय. चहा-कॉफीसुद्धा दुपारनंतर बंद करून बघा, कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

संध्याकाळ माणसांची. फार काही नको, अर्धा तास कोणाच्या तरी सोबत. पोहायला येत असेल आणि सोय असेल तर उन्हाळ्यात यासारखं दुसरं काही नाही असं मला मनापासून वाटतं, शरीर गार होतं, श्वास आपोआप लयीत येतो आणि पाण्यात फोन नेता येत नाही. रात्रीसाठी एकच, झोपायच्या तास-दीड तास आधी दहा मिनिटं कोमट ते गरम पाण्याने अंघोळ. उन्हाळ्यात हे ऐकून लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात, पण त्वचेकडे रक्त येतं, उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान उतरतं आणि झोप थोडी लवकर लागते. अगदीच नको वाटलं तर निदान पाय तरी कोमट पाण्यात ठेवा.

ट्रिपला माझा विरोध नाही, जा जरूर. फक्त तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका, कारण तीन दिवसांची ट्रिप संपते आणि परत आल्यावर त्याच खुंट्या नसलेल्या घरात यायचं असतं, चौथ्या दिवशी जास्तच रिकामं वाटतं. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काय करणार ते निघायच्या आधीच ठरवून ठेवा.

आता हे सगळं कोणावर आणि कशावर अवलंबून आहे ते सांगायलाच हवं, कारण तुम्हाला मी भेटलेले नाही.

काही जणांना दरवर्षी ठरावीक ऋतूत खरंखुरं डिप्रेशन येतं. हिवाळ्यातलं जास्त ओळखीचं, पण उन्हाळ्यातलंही असतं, १९८७ मध्ये वेर आणि रोझेंथाल यांच्या टीमने त्याचं वर्णन केलंय. हिवाळ्यात माणूस जास्त झोपतो, जास्त खातो, उन्हाळ्याच्या प्रकारात झोप उडते, भूक कमी होते, वजन उतरतं आणि सुस्तीपेक्षा तगमग जास्त असते. तुमचं तिसरं वर्ष आहे म्हणून हे मनात ठेवा. माझा कल अजूनही सुटलेल्या रूटीनकडेच आहे कारण तुमचं सगळं सुट्टीच्या तारखेबरोबर सुरू होतं, उकाड्याबरोबर नाही, आणि शाळा सुरू झाली की आठवड्यात बरं वाटतं असं तुम्हीच लिहिलंय. पण शाळा सुरू होऊनही उकाडा असेपर्यंत तसंच राहत असेल तर माझा अंदाज चुकीचा आहे, मग सायकियाट्रिस्टना भेटा. एकदा थायरॉइडही तपासून घ्या. थायरॉइड जास्त चालत असेल तर उकाडा सहन न होणं, धडधड, झोप नसणं आणि चिडचिड, सगळं असंच दिसतं आणि त्याला कितीही चाललात तरी उपयोग नाही.

कोणी मनाची औषधं घेत असेल तर उन्हाळ्यात जास्त जपायला हवं. लिथियम (बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवायला देतात ते औषध) चालू असेल आणि घाम, जुलाब किंवा उपास यामुळे शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं तर रक्तातलं लिथियम वाढतं, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलरनेही वाढतं. हाताची थरथर वाढली, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना तोल जायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. काही अँटिसायकॉटिक (भास, भ्रम अशा त्रासांवरच्या) औषधांत शरीराला स्वतःला गार ठेवणं अवघड जातं, काही औषधांनी घाम कमी येतो. अशांनी भर उन्हात व्यायाम करू नये, पण औषधंही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, दोन्ही धोक्याचं आहे. आणि बायपोलर असेल तर एक वेगळी खूण बघा. उन्हाळ्यात तीन-चार तास झोपूनही एकदम ताजंतवानं वाटतंय, डोक्यात योजनाच योजना, खर्च वाढलाय, तर ही सुट्टीची मजा म्हणून सोडू नका. अशा वेळी ॲक्टिव्हिटी वाढवायची नसते, कमी करायची असते.

आणि कोणाचं नुकतंच कोणी गेलं असेल, घरात रोज मारहाण होत असेल, नोकरी गेली असेल, तर सकाळी चालून तो प्रश्न सुटणार नाही. त्याला वेगळी मदत लागते आणि ती मागावी.

तुमच्यासाठी पहिल्या आठवड्याचं सांगते, चौदा गोष्टींची यादी ड्रॉवरमध्ये ठेवा, फाडू नका. फक्त दोन खुंट्या. पहिली, उठायची वेळ. एकदम सहाला उठायचा पराक्रम नको, आता साडेदहा आहे तर आधी दहा, दोन दिवसांनी साडेनऊ, असं अर्ध्या अर्ध्या तासाने मागे आणा. रात्री कितीही उशीर झाला तरी उठायची वेळ तीच, झोपायची वेळ तिच्यामागून येईल. उठल्यावर अर्ध्या तासात दाराबाहेर पाच मिनिटं (आधी ऊन असेल, सावलीत थांबा, वेळ मागे येईल तसं ऊन सौम्य होईल). दुसरी खुंटी, संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक माणूस, भेटून किंवा फोनवर, मेसेज धरायचा नाही. आकडे लिहा. आठवड्याने दोन्ही सातपैकी चार दिवस झाले असतील तर उत्तम चाललंय, मग तिसरी गोष्ट दुपारची. चार दिवस नाही झाले तर गोष्ट मोठी होती, अजून छोटी करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाई करायला जाऊ नका, तिथेच सगळं परत मोडतं. सवय लागायला २१ दिवस वगैरे जे फिरत असतं त्यावरही जाऊ नका, २०१० च्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले होते, कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला.

दोन आठवडे हे मनापासून करूनही रोज बहुतेक वेळ उदास वाटतंय, कशातच रस नाही, खाणं-झोप बिघडलेलीच आहे, तर थांबू नका, सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टना भेटा. पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांची चाचणी असते, २७ पैकी १० किंवा जास्त आले तर दाखवायलाच हवं. आणि जगण्यात अर्थ नाही, आपण नसतो तर बरं, असा विचार एकदाही आला तर दोन आठवडे नाही, दोन तासही वाट बघू नका. कोणालातरी तोंडाने सांगा, तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला किंवा इमर्जन्सीला फोन करा, एकट्या राहू नका.

राहिलं बहिणीचं. हो, सांगा. तुम्ही लिहिलंय की तिला काळजीत टाकायचं नाही आणि ती म्हणेल एवढी मोठी सुट्टी मिळते तरी रडतेस. असं होतं ते बहुतेक आपण सगळं एकदम सांगतो तेव्हा, समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही आणि मग तो सल्ले द्यायला लागतो. तिच्याकडे एकच ठरावीक गोष्ट मागा. मी माझ्याकडे येणाऱ्यांसोबत बसून असा मेसेज शब्द न् शब्द लिहून घेते, तुमच्यासाठी असा लिहिला असता: "ताई, सुट्टीत माझी झोप आणि मूड दोन्ही बिघडतंय, तीन वर्षं झाली. सल्ला नकोय गं आत्ता. पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी साडेसहाला मला दहा मिनिटं फोन करशील का? मी नाही उचलला तर परत कर." ती धाकटी असेल तर ताईच्या जागी तिचं नाव घाला. बाकी काही बदलू नका, आणि शेवटचं वाक्य तर अजिबात गाळू नका, कारण ज्या दिवशी तुम्हाला फोन उचलावासा वाटणार नाही त्याच दिवसासाठी ते आहे.